समशेर बहादूर

पराक्रमी पुरुषाचे चरित्र वाचताना आपण आधी त्याचे कुळ विचारतो. समशेर बहादूर यांना कुळे दोन होती. परंतु एकाही कुळाने त्यांना पूर्णतः आपले म्हटले नाही.

त्यांचा जन्म १७३४ साली झाला. पिता थोरले बाजीराव पेशवे, माता मस्तानी. मस्तानी ही बुंदेलखंडाचे राजे छत्रसाल यांची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या, अशी परंपरा आहे. मुलाचे नाव कृष्णराव ठेविले होते. त्याची मुंज व्हावी ही पित्याची इच्छा; परंतु पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ती मान्य केली नाही, असे सांगतात. १७४० साली माता-पिता दोघांचेही छत्र हरपले. सहा वर्षांचा तो पोरका मुलगा पेशव्यांच्याच घरात मुसलमान म्हणून वाढला व पुढे सरदार झाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ते मराठी सैन्यात लढले. घायाळ अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात त्यांनी देह ठेविला. त्यांचे पुत्र अलीबहादूर यांच्यापासून बांद्याचे नबाबघराणे चालले. त्याच वंशातील दुसरे अलीबहादूर १८५८ साली झाशीच्या राणींच्या पक्षास मिळाले.

ज्यास जानवे नाकारले, त्याने पेशव्यांच्या राज्यासाठी प्राण दिले. आपल्या रसायनीत कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची, नाना ज्ञातींची कुटुंबे शेजारी नांदली. उद्या दोन कुळांचे एखादे बालक आपल्या मेळाव्याच्या दाराशी आले, तर ज्ञातिबांधवांनी या वीराचे स्मरण करावे व त्यास पंक्तीत बसवावे.