राजर्षी शाहू छत्रपती : नोकरी आणि मानाची जागा

करवीर राज्याचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात सापडणे कठीण. तथापि त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. माणसाला कामावर घेणे वेगळे आणि कामाच्या ठिकाणी त्याला आपला मानणे वेगळे, हा भेद त्यांनी अचूक ओळखला होता.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारच्या सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकाच ज्ञातीकडे होत्या. पुढे १८९९ साली महाराजांच्याच पदरी असलेल्या पुरोहिताने त्यांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला. जेथे राजालाही त्याच्या सेवकाने कमी लेखावे, तेथे गोरगरिबांची कथा काय! हा सल महाराजांच्या मनात कायमचा राहिला.

२६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, त्यांनी जाहीरनामा काढून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढील नेमणूक याच वर्गांतून व्हावी, असा दंडक घातला. शिवाय दर तिमाहीस खातेप्रमुखांकडून तक्तेही मागविले. केवळ सदिच्छेवर विसंबून राहणारा हा पुरुष नव्हता. नोकरीस लायक माणसे तयार व्हावीत म्हणून १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह उघडले. अस्पृश्यांना त्यांनी माहूत, कोचमन, पोलीस केले, वकिलीच्या सनदाही दिल्या.

परंतु नेमणुकीचा कागद हाती आला म्हणजे मान मिळतोच असे नाही. महाराजांच्या अखेरच्या काळातील एक प्रसंग याची साक्ष देतो. गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ दरबारच्या पागेत कामास होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले म्हणून सोबतच्या नोकरांनीच त्यांना बेदम मारहाण केली. मारणारे महाराजांच्याच जातीचे होते. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी आप-पर भाव न ठेवता अपराध्यांना शासन केले आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतंत्र चहाचे दुकान काढावयास सांगितले. त्या दुकानाचा चहा प्यावयास प्रथम कोण धजणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवीत, चहा मागवीत आणि सोबतच्या प्रतिष्ठितांनाही पाजीत! शेकडो व्याख्यानांनी जे झाले नसते ते एका पेल्याने साधले.

जानेवारी १९१९ मध्ये तर त्यांनी सक्त हुकूम काढले. सरकारी कचेऱ्या, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागविले पाहिजे. ज्या अधिकाऱ्यास हे रुचत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा त्यांचा आशय होता. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराज मुंबई येथे निवर्तले.

हे चरित्र लिहिताना प्रस्तुत लेखकाला स्वतःची लाज वाटते. मी ज्या शाळेत शिकविले तेथे एका शिपायाचा पेला खिडकीत निराळा ठेवलेला असे. वर्गात मी समतेचा धडा समरसून शिकवीत असे. पण तो पेला उचलून इतर पेल्यांत ठेवावा, एवढे काही माझ्या हातून झाले नाही. तो शिपाई निवृत्त झाला, त्याच्या मागोमाग मीही झालो.

आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची दुकाने व कारखाने आहेत. तेथे अनेक जातींची माणसे कामास येतात. त्यांना पगार वेळेवर मिळतो, हे भूषणावहच होय. परंतु दुपारच्या डब्याला ती आपल्या पंगतीत बसतात काय? ज्ञातिबांधवाने त्यांचा अपमान केला तर आपण कोणाची बाजू घेतो? आपल्या माणसाला आवरण्याचे धैर्य महाराजांनी दाखविले. त्यांच्या तसबिरीला हार घालताना तेवढे धैर्य आपणही मागून घ्यावे, हीच नम्र विनंती.