हँडलपासून सुटका

२०२२ साली मी अमेरिकेत, ओहायो राज्यात मुलाकडे राहायला गेलो होतो. त्याने एक जुनी मोटारहोम घेतली होती. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच. पहिल्याच सहलीच्या सकाळी किल्ली फिरवली, तर नुसतं टक्क! मुलगा नवी बॅटरी आणायला निघाला. मी थांबवलं. बँकेत चार आणे कमी भरले तर आम्ही नवी खातेवही आणत नसू, चूक शोधत असू.

शेजाऱ्याच्या गाडीला तारा जोडून इंजिन सुरू केलं आणि मीटर लावला. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १२.४. वीज तयार होत होती, पण वाटेत अडत होती. मीटरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं, तर तिथेच पावणेदोन व्होल्ट अडकलेले. अर्थची तार गंजली होती.

इंजिन बंद करून ती घासत बसलो, तेव्हा याच राज्यात १८७६ साली जन्मलेल्या चार्ल्स केटरिंगची आठवण झाली. डोळे अधू, त्यामुळे शिक्षण मध्येच सुटलं. टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम केलं आणि पुन्हा कॉलेजात जाऊन सत्ताविसाव्या वर्षी इंजिनिअर झाला. नोकरी लागली डेटन गावातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने हाताने फिरवायचा गल्ला विजेच्या मोटरीवर चालवून दाखवला. (आम्हा बँकवाल्यांना हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळे.)

त्या काळी मोटार हँडल मारून सुरू करावी लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहे, हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. विजेने इंजिन फिरवायचं तर मोटर इंजिनाएवढी लागेल, असा हिशेब मांडला जाई. केटरिंगला गल्ला आठवला. क्षणभरच जोर लावायचा असेल, तर छोटी मोटरही तेवढ्यापुरता जास्त भार सोसते. शिवाय इंजिन चालू झालं की तीच मोटर उलट वीज तयार करून बॅटरी भरणार. घेतलेलं कर्ज लगेच फेडायचं! डीड्स नावाच्या मित्राच्या गोठ्यातल्या कारखान्यात हे जमलं आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला हँडलची गरज उरली नाही. बायकांनाही एकटीने गाडी काढणं सोपं झालं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खात्याची दुसरी बाजूही आहे. पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा तो प्रमुख झाला. १९२१ साली त्याच्या हाताखालच्या मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून इंजिनाची ठोकर थांबवली. १९२४ साली ते संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी केटरिंग त्या संयुगाची बाजू घेत राहिला. ते विकणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष तोच होता. लहान मुलांच्या मेंदूला ते शिसं किती घातक, हे जगाला पटायला अनेक दशकं गेली. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. तो मात्र १९५८ सालीच गेला, कर्करोगाच्या संशोधन संस्थेला आपलं नाव देऊन.

तार जोडली. नातू बापाच्या मांडीवर बसला होता. त्यानेच किल्ली फिरवली. मी मीटर पाहिला, बॅटरीवर १४.१.