बाळंतिणींच्या कमलाबाई

सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत नागपूरकरांना मातृसेवा संघ परिचित आहे. तो उभारणाऱ्या कमलाबाई होस्पेट यांचा जन्म १८९६ मध्ये खानदेशातील शिरपूरचा. पंधराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पुढे त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. पांढरपेशा घरांत तेव्हा हे काम हलके मानले जाई.

त्या काळी बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत होई. अस्वच्छ हातांमुळे आईला सूतिकाज्वर होण्याचा, तर नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे बाळाला धनुर्वात होण्याचा धोका असे. साबणाने धुतलेले हात, उकळलेली साधने आणि प्रशिक्षित परिचारिका, एवढ्यानेही हा धोका पुष्कळ कमी होतो.

हे ज्ञान सामान्य घरांतील बायकांपर्यंत पोहोचावे म्हणून कमलाबाईंनी १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ स्थापन केला. छोट्या सूतिकागृहातून पुढे अनेक शाखा निघाल्या, परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १५ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. एका तरुण विधवेने घेतलेल्या शिक्षणामुळे असंख्य बाळंतिणी बाळासह सुखरूप घरी परतल्या.