श्री साईबाबा : शिमग्याची पुरणपोळी आणि चैत्रातील रामजन्म

फाल्गुनी पौर्णिमेची होळी आणि चैत्री पौर्णिमेची हनुमान जयंती यांच्यामध्ये बरोबर एक महिन्याचे अंतर आहे. गुढीपाडवा, रामनवमी आणि शुद्ध एकादशी याच महिन्यात येतात. मराठवाड्यात तेव्हा उन्हाचा ताप वाढू लागलेला असतो, रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि उपवासाचे दिवस पाठोपाठ येत राहतात. या दिवसांत पाथरीस येणाऱ्या भाविकांच्या मनात एक शंका हमखास असते. श्री साईबाबांच्या दर्शनास उपाशीपोटी यावे की नाही, ही ती शंका. तिचे उत्तर बाबांच्या चरित्रातच आहे.

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे गाव. पार्थपूर हे याचे जुने नाव सांगितले जाते. बाबांनी आपल्या जन्माविषयी, मातापित्यांविषयी वा जातीविषयी उघडपणे कधीच काही सांगितले नाही. कोणी विचारलेच तर ते कोड्यात बोलत किंवा विषय टाळीत. तथापि, शिरडीचे खंडोबाभक्त म्हाळसापती यांच्याजवळ त्यांनी एकदा आपण पाथरीच्या ब्राह्मण कुळातील असून लहानपणीच एका फकिराच्या हाती सोपविले गेलो, असे सांगितल्याची आठवण श्री. बी. व्ही. नरसिंहस्वामी यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंदलेली आहे. या धाग्याचा माग घेत १९७५ च्या सुमारास श्री. वि. बा. खेर हे पाथरीस आले. गावातील जुन्या घराण्यांची चौकशी करून भुसारी या यजुर्वेदी देशस्थ घराण्यात बाबांचा जन्म झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या घराण्याचे दैवत गावाबाहेरील कुंभारबावडीचा मारुती. ज्या जागी भुसारींचे घर होते तेथे मंदिर उभे राहून १९९९ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले.

हा निष्कर्ष सर्वांना मान्य आहे असे नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीच्या निमित्ताने जन्मस्थानाचा वाद उफाळला आणि १९ जानेवारीस शिरडी बंद ठेवण्यात आली. ज्या सत्पुरुषाने आयुष्यभर स्वतःचे कूळ सांगण्याचे टाळले, त्याच्या कुळावरून दोन गावांत कटुता यावी हे खेदाचे होय. पाथरीस येणारा भाविक पुराव्यापेक्षा श्रद्धेने येतो, आणि येथून निघाल्यावर बहुधा शिरडीसही जातो.

बाबा सोळा वर्षांचे असता १८५४ च्या सुमारास शिरडीत प्रथम निंबाच्या झाडाखाली दिसले आणि पुढे दिसेनासे झाले. त्यानंतर पैठणजवळील धूपखेडा गावच्या चांद पाटलांच्या घरच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर ते १८५८ च्या सुमारास परत आले. वऱ्हाडाच्या गाड्या खंडोबाच्या देवळाजवळ सुटल्या, तेव्हा म्हाळसापतींनी या तरुण फकिराचे साई या नावाने स्वागत केले. तेच नाव पुढे जगभर झाले. मूळ नाव कोणालाच ठाऊक नाही.

पहिली काही वर्षे बाबा गावाबाहेर रानात बसत. तात्या कोते पाटलांच्या मातोश्री बायजाबाई या भाकरी-भाजीची पाटी डोक्यावर घेऊन काट्याकुट्यांतून त्यांना शोधीत जात, पुढ्यात पान मांडीत आणि त्यांना खाऊ घालूनच परत येत. ही सेवा बाबा कधी विसरले नाहीत. तात्यांवरील त्यांचा लोभ अखेरपर्यंत टिकला. पुढे ते पडक्या मशिदीत, म्हणजे आजच्या द्वारकामाईत राहू लागले. तेथे धुनी अखंड पेटत असे आणि निर्वाहासाठी गावातील ठराविक घरी झोळी घेऊन भिक्षा होत असे. मिळालेली भाजी, आमटी, ताक सारे एकाच भांड्यात ओतले जाई. भाकरी मातीच्या कुंडीत ठेवली जाई आणि कुत्री, मांजरे, कावळे तीतून निःशंक खात. मशीद झाडणारी बाईही त्यातील दहा-बारा भाकरी घेऊन जाई. कोणासही अडवले जात नसे.

एकदा आपल्याला भूक लागल्याचे बाबांनी सांगितल्यावरून लक्ष्मीबाई शिंदे या घरी धावत गेल्या आणि भाकरी-कालवण घेऊन आल्या. बाबांनी ते ताट उचलून कुत्र्यापुढे ठेवले. लक्ष्मीबाईंना वाईट वाटले. तेव्हा, मुक्या जिवाची भूक शमली म्हणजे आपलीच भूक शमली, असे बाबांनी त्यांना समजावले.

मशिदीच्या अंगणात कित्येकदा मोठी हंडी चढत असे. बाजारातून धान्य व मसाला बाबा स्वतः रोख पैसे मोजून आणीत, मसाला स्वतःच वाटीत, आणि कढत अन्न हाताने ढवळीत. पन्नास ते शंभर माणसे जेवतील इतके अन्न शिजे आणि प्रथम दीनदुबळ्यांना वाढले जाई. पुढे भक्तांचे नैवेद्य विपुल येऊ लागले तेव्हा हंडी थांबली.

अशा पुरुषाने उपवासाकडे कसे पाहिले असेल? गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या श्रीसाईसच्चरितातील बत्तिसाव्या अध्यायात याचे स्पष्ट निरूपण आहे. बाबा स्वतः उपवास करीत नसत आणि इतरांनाही करू देत नसत. उपाशी माणसाचे चित्त ठिकाणावर राहत नाही; अंगी त्राण नसेल तर भजन, श्रवण, दर्शन काहीच नीट घडत नाही, हा त्यामागील विचार होता. अति खाणेही त्यांना मान्य नव्हते. याच अध्यायात बाबांनी सांगितलेली एक कथा येते. परमार्थाच्या शोधात चौघे रानात हिंडत असता एक वणजारी त्यांना भेटला आणि थोडे खाऊन, विसावा घेऊन पुढे जाण्याविषयी विनवू लागला. चौघांनी ते मानले नाही आणि ते रान भटकत राहिले. पुन्हा त्याच वणजाऱ्याची गाठ पडली. भाकरी घेतल्यावाचून शोध पुरा होत नाही, हा कथेचा रोख आहे. तांड्यांच्या या मुलुखात ती कथा विशेष जवळची वाटते.

या अध्यायात गोखले आडनावाच्या एका बाईंची हकीकत आहे. बाबांच्या चरणी तीन दिवस निराहार बसण्याचा निश्चय करून त्या शिमग्याच्या दिवसांत शिरडीस आल्या. दादा केळकरांच्या नावे चिठ्ठी आणून त्या त्यांच्याच घरी उतरल्या होत्या. त्या येण्याच्या आदल्या दिवशीच बाबांनी दादांपाशी, शिमग्यासारख्या सणाच्या दिवसांत आपली लेकरे उपाशी राहिलेली आपल्याला चालणार नाहीत, असा विषय काढला होता. तेव्हा दादांना त्याचा संदर्भ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाई दर्शनास गेल्या. त्यांनी काही सांगण्यापूर्वीच बाबांनी उपवासाची गरज नसल्याचे सांगितले आणि दादांच्या घरी जाऊन पुरणपोळ्या कराव्यात, मुलांना वाढाव्यात व स्वतःही पोटभर जेवावे, अशी आज्ञा केली.

योगायोग असा की, त्या दिवसांत केळकरांच्या गृहिणीस रूढीप्रमाणे स्वयंपाकघरात जाता येत नव्हते आणि सणाचा स्वयंपाक करणारे घरात दुसरे कोणी नव्हते. बाईंनी पुरण शिजवले, पोळ्या लाटल्या, नैवेद्य दाखवला आणि सर्वांना जेवू घालून स्वतः जेवल्या. तीन दिवस हटाने बसून ज्या कृपेची याचना त्या करणार होत्या, ती त्यांना चुलीपाशी मिळाली. व्रत मोडले म्हणून त्या खंतावल्याची नोंद नाही.

यावरून बाबांना सणवार वा देवपूजा नको होती असे कोणी समजू नये. ज्याची जी उपासना त्याने ती करावी, यावर त्यांचा कटाक्ष असे. शिरडीतील एक मोठा उत्सव चैत्रातला आहे आणि त्याचा दिवस बाबांनीच ठरवून दिला.

कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना तीन विवाह होऊनही संतान नव्हते. बाबांच्या आशीर्वादाने पुत्र झाल्यावर कृतज्ञतेपोटी १८९७ मध्ये त्यांनी शिरडीत उरूस भरवावा, असा विचार मांडला. तात्या पाटील, दादा कोते पाटील, माधवराव देशपांडे आदी ग्रामस्थांना तो पसंत पडला. गावच्या कुलकर्ण्यांच्या प्रतिकूल अहवालामुळे कलेक्टरांची परवानगी प्रथम नाकारली गेली. खटपट केल्यावर ती मिळाली. बाबांच्या विचाराने उरुसासाठी रामनवमीचा दिवस मुक्रर झाला. उरूस म्हणजे अवलियाच्या स्मरणाचा मुसलमानी सोहळा. परभणी शहरातील सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस पाहिलेल्या यात्रेकरूंना संदल आणि गलेफ यांचा परिचय असतोच. तो सोहळा रामजन्माच्या तिथीवर ठेवण्यात बाबांचा काय हेतू होता, हे त्यांनी शब्दांत सांगितले नाही.

अडचणी फार होत्या. गावात दोनच विहिरी. एकीचे पाणी लवकर आटे आणि दुसरीचे खारट. बाबांनी खाऱ्या विहिरीत फुले टाकली आणि पाणी गोड झाले, अशी श्रद्धा आहे. तेही पुरेना, तेव्हा तात्या पाटलांनी दुरून मोटांनी पाणी आणवले. दुकाने लागली, कुस्त्यांचे फड झाले. अहमदनगरचे दामूअण्णा कासार यांनी एक साधे निशाण दिले आणि नानासाहेब निमोणकरांनी दुसरे, कलाबतूचे. दोन्ही निशाणे मिरवत नेऊन मशिदीच्या दोन कोपऱ्यांवर उभारली जात. त्याच दिवशी कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदलाची मिरवणूक सुरू केली. ताटांत उगाळलेले चंदन, पुढे धूप आणि वाद्ये, असा तो थाट गावातून फिरून मशिदीत येई आणि चंदनाचे हात निंबरावर व भिंतींवर उमटवले जात. हिंदूंची निशाणे आणि मुसलमानांचा संदल एकाच दिवशी निघत आणि त्यावरून कधी तंटा झाला नाही.

अशी पंधरा वर्षे गेली. रामनवमी असूनही रामजन्म मात्र साजरा होत नव्हता! १९१२ च्या उरुसास अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांसमवेत कृष्णराव जागेश्वर भीष्म आले होते. दीक्षित वाड्याच्या ओसरीवर ते पडले असता काका महाजनी पूजेचे ताट घेऊन मशिदीकडे निघालेले त्यांना दिसले. आज रामनवमी असून येथे जन्मोत्सव का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी काकांना केला. काकांना कल्पना आवडली, पण ऐनवेळी कीर्तनकार कोठून आणावा? भीष्मांनी कीर्तन करण्याचे आणि काकांनी पेटी धरण्याचे ठरले. सुंठवड्याची तयारी राधाकृष्णाबाईंनी केली. मशिदीत जाताच बाबांनी आपण होऊन वाड्यात काय चालले आहे ते विचारले व आनंदाने संमती दिली. गळ्यातील एक हार त्यांनी काकांच्या गळ्यात घातला आणि दुसरा भीष्मांसाठी पाठविला.

सभामंडपात पाळणा बांधला गेला. माध्यान्ही जन्म झाला, जयघोषात गुलाल उधळला गेला आणि त्यातील थोडा बाबांच्या डोळ्यांत गेला. बाबा एकदम संतप्त झाले आणि मोठमोठ्याने बोलू लागले. मंडळी घाबरून पांगली. जाणत्या भक्तांनी मात्र हा रामाचा रावणावरील, म्हणजे अहंकारावरील कोप समजून ते स्थिर राहिले. आता पाळणा मोडेल या भीतीने राधाकृष्णाबाईंनी काकांना तो सोडून घेण्यास सांगितले. काका पाळण्याजवळ जाताच बाबांनी त्यांना थांबवले. उत्सव अजून पुरा झालेला नाही असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी लाह्या-दह्याचा गोपाळकाला झाला, हंडी फुटली आणि मगच पाळणा उतरला.

पुढील वर्षांपासून पाडव्याला नामसप्ताह बसू लागला. १९१४ पासून कीर्तनसेवा दासगणू महाराजांकडे कायमची आली. त्यांचे गोरटे हे स्थान आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे. राधाकृष्णाबाई रात्र रात्र जागून मशीद धुवून काढीत, काजळी पुसून भिंतींना सफेती देत. सुरुवातीस पाच-सात हजारांची असणारी यात्रा काही वर्षी पाऊण लाखापर्यंत गेल्याचे सच्चरितात नमूद आहे. गोरगरिबांना अन्नदान हा त्या दिवसांतील मोठा कार्यक्रम असे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर १९१८, शके १८४० च्या विजयादशमीस बाबांनी देह ठेवला. अखेरच्या क्षणापूर्वी त्यांनी भाकरी आणणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या हाती नऊ रुपये ठेवले आणि जवळच्या मंडळींना वाड्यात जाऊन जेवून येण्यास सांगितले. काहीजण जेवणावरून उठण्यापूर्वीच वार्ता आली.

द्वारकामाईत गव्हाचे एक पोते जपून ठेवलेले असते. ते दरवर्षी रामनवमीस बदलले जाते. निशाणेही त्याच दिवशी नवी चढतात आणि रात्री संदल निघतो.