शार्ल हेलू : पत्रकार ते राष्ट्राध्यक्ष

लेबनॉनचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल हेलू यांचा जन्म २५ सप्टेंबर १९१३ रोजी बैरूत येथे मॅरोनाइट ख्रिस्ती कुटुंबात झाला. कायद्याचे पदवीधर असलेल्या हेलू यांनी फ्रेंच भाषेतील पत्रकारितेत नावलौकिक मिळवला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कताइब पक्षाच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. कालांतराने ते पक्षापासून दुरावले. १९४७ मध्ये व्हॅटिकनमधील लेबनॉनचे पहिले राजदूत म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

१९६४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून देश अलिप्त राहिला. मात्र १९६९ च्या कैरो कराराने पॅलेस्टिनी सशस्त्र गटांना लेबनॉनच्या भूमीवर मोकळीक मिळाली. अंतर्गत संघर्ष टाळण्यासाठी स्वीकारलेली ही तडजोडच १९७५ च्या यादवी युद्धाच्या कारणांपैकी एक मानली जाते. ७ जानेवारी २००१ रोजी हेलू यांचे निधन झाले.