लहानपणीचा आखाडा, आयुष्यभराची शिदोरी

जळकोट असो की उदगीर, जत्रेत कुस्त्यांचा फड भरला की आधी उतरतात ती चिल्लीपिल्ली. रेवड्यांवरच्या त्या कुस्त्यांकडे मोठी माणसे गंमत म्हणून पाहतात. पण त्या वयात अंगाला लागलेली माती पुढे किती कामी येते, हे खाशाबा जाधव यांच्या आयुष्यावरून कळते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांनी पाचव्या वर्षापासूनच कुस्तीचे धडे घ्यायला सुरुवात केली. कुस्तीबरोबर पोहणे, धावणे, मल्लखांब हेही चालू होते. आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते. लहान वयात एकाच खेळाचा अतिरेक केला तर त्याच त्या सांध्यांवर ताण येतो. अनेक खेळ खेळल्याने तोल, चपळाई आणि दम सारखे वाढतात.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा पहिल्यांदा गादीवर कुस्ती खेळले. तोवरचा सराव मातीतला, त्यात आंतरराष्ट्रीय नियमही नवे. तरीही ते फ्लायवेट गटात सहावे आले. लहानपणी हजारो वेळा घोटलेले डाव मेंदूत, विशेषतः लहान मेंदूत, पक्के बसतात. मग प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागत नाही आणि लक्ष नव्या परिस्थितीकडे देता येते.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे तर निवडीपासूनच झगडावे लागले. पुन्हा चाचणी घ्यायला लावून ते संघात आले. मग पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून खर्डेकरांचे घर सोडवले. खेळ नुसते स्नायू देत नाही, जिवाला जीव देणारी माणसेही जोडून देतो.

पुढचा काळ सोपा नव्हता. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तरी आखाडा सुटला नाही. खात्यातल्या स्पर्धा ते खेळले, तरुणांना शिकवत राहिले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मानसन्मान उशिरा आले, पण हरल्यावर माती झटकून पुन्हा उभे राहण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली होती.

मराठवाड्यालाही हा वारसा नवा नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते.

प्रत्येक मूल पदक जिंकणार नाही आणि तशी गरजही नाही. हाडांची बहुतेक घडण विशीच्या आसपास पूर्ण होते. वाढत्या वयात उड्या मारल्या, धावपळ केली, तर म्हातारपणी हाडे ठिसूळ होण्याचा धोका कमी राहतो. रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा दूर ठेवायलाही लहानपणची ही सवय उपयोगी पडते, मात्र ती पुढे टिकवायला हवी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहावीच्या वर्षी अनेक घरांत सगळ्यात आधी खेळ बंद होतो आणि मुलींचा तर त्याही आधी. शिकवणीच्या वेळापत्रकात एवढा एक तास राखून ठेवावा. खेळ मात्र मुलांना आवडेल तोच असू द्यावा, कारण आवडीचा खेळच पन्नाशीपर्यंत सोबत करतो.