मॅन्युएल गार्सिया

मॅन्युएल पात्रिसिओ रॉड्रिगेझ गार्सिया (१७ मार्च १८०५ – १ जुलै १९०६) हे स्पॅनिश गायक, गायनशिक्षक व स्वरयंत्राचे अभ्यासक होते. आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या स्वरतंतूंची हालचाल पाहून तिचे शास्त्रशुद्ध वर्णन करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

गायक म्हणून कारकीर्द

त्यांचे वडील मॅन्युएल गार्सिया (थोरले) हे युरोपातील नामवंत ऑपेरागायक होते. मारिया मालिब्रान व पोलीन व्हियार्दो या त्यांच्या धाकट्या बहिणीही पुढे श्रेष्ठ गायिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. १८२५ साली या कुटुंबाने न्यूयॉर्कमध्ये इटालियन ऑपेराचे प्रयोग केले. त्यांपैकी रोसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’मध्ये विशीतल्या मॅन्युएल यांनी फिगारोची भूमिका केली. कोवळ्या वयातील अतिश्रमांनी त्यांचा आवाज खालावला आणि पंचविशीच्या सुमारास त्यांना रंगभूमी सोडावी लागली. यानंतर पॅरिसमधील लष्करी रुग्णालयांत त्यांनी स्वरयंत्राच्या रचनेचा अभ्यास केला.

अध्यापन

पॅरिसमधील संगीतविद्यालयात आणि १८४८ ते १८९५ या काळात लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अध्यापन केले. १८४१ साली स्वीडिश गायिका जेनी लिंड थकलेला, घोगरा आवाज घेऊन त्यांच्याकडे आल्या. गार्सिया यांनी त्यांना प्रथम काही आठवडे गाणे पूर्ण बंद ठेवावयास लावले व मगच शिकविण्यास प्रारंभ केला. लिंड पुढे जगप्रसिद्ध झाल्या. तथापि त्यांच्या मध्य सप्तकातील काही स्वरांवरचे धूसर आवरण कायम राहिले.

स्वरतंतूंचे दर्शन

स्वरतंतूंवरील मऊ आवरण गाताना लाटेसारखे हलते. इजेमुळे तेथे व्रण राहिल्यास ते ताठर होते, लाट मंदावते व तंतू नीट मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा होतो, लवकर थकतो आणि हळुवार वरचे स्वर निसटू लागतात. गार्सिया यांच्या तरुणपणी गाणाऱ्या माणसाचे स्वरतंतू पाहण्याची प्रचलित पद्धत नव्हती. गुरूला केवळ कानावर विसंबावे लागे.

१८५४ साली गार्सिया यांनी लांब दांड्याचा दंतवैद्यकीय आरसा कोमट करून स्वतःच्या घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला. त्यांना आपलेच स्वरतंतू उघडताना व मिटताना दिसले. ही निरीक्षणे १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडण्यात आली. पुढे व्हिएन्नाचे ट्युर्क व पेस्टचे चेर्माक या वैद्यांनी ही पद्धत रोगनिदानासाठी रुजविली.

सन्मान व महत्त्व

१८६२ मध्ये कोनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. १९०५ मध्ये त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी लंडनमध्ये संगीतज्ञ व कंठरोगतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन त्यांचा गौरव केला. पुढील वर्षी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. बिघडलेल्या आवाजाचे कारण केवळ ऐकून न ठरविता प्रत्यक्ष पाहून शोधण्याची वाट वैद्यांना एका गायनशिक्षकाच्या प्रयोगातून मिळाली.